रीफ टँकमधला प्रवाह: पंप घेण्याआधी पाण्याची वाट ठरवा

सांगलीत रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारे थोडेच. पण त्यांच्यापैकी कुणाकडेही नवखा माणूस गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) किती लिटरचा घेऊ?" दुकानदार याचं उत्तर लगेच देतो, आणि ते बहुधा त्याच्या कपाटात शिल्लक राहिलेल्या पंपावरून ठरतं. प्रश्न चुकीचा नाही, फक्त तिसऱ्या नंबरचा आहे. आधी पाणी कुठून कुठे जाणार आणि कोणत्या वाटेने परत येणार ते ठरवायचं. मग त्या वाटेत दगड कसे बसवायचे ते. पंप त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की पुढे वर्षभर पंप या काचेवरून त्या काचेवर सरकवत बसावं लागतं.

गोड्या पाण्याचा टँक तुम्ही सांभाळलेला आहे, समुद्री मीठ, आरओचं पाणी आणि रिफ्रॅक्टोमीटर यांची तोंडओळख आहे, असं धरून पुढे जातो. उदाहरणाला आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा चार फुटी टँक घेऊ.

प्रवाह हवा कशाला

मासा भूक लागली की अन्नाकडे जातो. प्रवाळ जागेवर चिकटलेला प्राणी, त्याच्याकडे सगळं चालत यावं लागतं आणि त्याची घाण दुसऱ्या कुणीतरी उचलून न्यावी लागते. ही दोन्ही कामं पाणी करतं.

थोडं आणखी जवळून बघू. प्रवाळाच्या त्वचेला लागून पाण्याचा एक अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. आत-बाहेर जे काही जायचं ते या थरातून झिरपत जातं. बाहेरचं पाणी हललं की थर पातळ होतो आणि देवाणघेवाण भराभर होते. दिवसा प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडात इतका ऑक्सिजन तयार करतं की तो वाहून न्यावा लागतो. रात्री उलटं होतं, प्रवाळालाच बाहेरून ऑक्सिजन लागतो. म्हणून "रात्री पंप बंद, तेवढीच वीज वाचली" हा विचार डोक्यातून काढून टाका. रात्री जोर थोडा कमी केला तर चालतो, बंद करून चालत नाही.

आपल्या भागासाठी आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेचा पारा चाळिशीला टेकतो आणि टँकच्या पाण्याचं तापमान कितीही सांभाळलं तरी वर सरकतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. चांगल्या प्रवाहातली प्रवाळं गरम पाण्यात स्थिर पाण्यातल्यांपेक्षा जास्त तग धरतात, हे संशोधकांनी तपासून पाहिलेलं आहे. सातारकर उंचीवर असल्यामुळे त्यांचं जरा बरं आहे, पण बंद खोलीतल्या टँकला साताऱ्याची हवा कुठून मिळणार!

पायरी पहिली: पाणी मोजा

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000 ने भागा. 120 × 45 × 45 म्हणजे 243 लिटर. दगड, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा केली की प्रत्यक्षात 200 च्या आसपास उरतात. पंपाचा हिशेब या 200 वर कागदावर करून ठेवायचा, खरेदी दगड ठरल्यावर.

टँकमध्ये जेवढं पाणी आहे त्याच्या किती पट पाणी तासाला हलवायचं? सॉफ्ट कोरल, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांसाठी तासाला 10 ते 20 पट, टॉर्च-हॅमरसारख्या मोठ्या पॉलिपवाल्यांसाठी (पॉलिप म्हणजे प्रवाळाचं एकेक फुलासारखं तोंड) 20 ते 30 पट, ॲक्रोपोरासारख्या फांद्यावाल्यांसाठी 40 पट आणि वर, असा ढोबळ अंदाज छंदात चालतो. नवख्याने 20 पट धरावं, म्हणजे आपल्या टँकला तासाला 4000 लिटर. हे सगळं वेव्हमेकरचं काम. संपमधून, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीतून, पाणी वर आणणारा रिटर्न पंप यात धरू नका, त्याला 3 ते 5 पट पुरे. रिटर्न पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळतो. चार फूट वर चढवताना तो बराच खाली येतो.

आता हा 4000 चा आकडा एका पंपातून काढायचा की दोन? दोनच घ्या, प्रत्येकी 3000 ते 4000 चे, वेग कमी-जास्त करता येणारे डीसी मोटरचे, आणि ते निम्म्या जोरावर चालवा. एकच मोठा पंप लावला की त्याच्यासमोर वादळ आणि मागे डबकं, असं होतं. तीन फुटांच्या आतल्या टँकला 8000 चा पंप तर नाकापेक्षा मोती जड. आणखी एक गोष्ट पाहून घ्या: बारीक तोंडातून निघणारी धार जवळच्या प्रवाळाची कातडी सोलून काढते, तर रुंद पंख्याचा पंप तेवढंच पाणी पसरून ढकलतो. पंपाचं चुंबक तुमच्या काचेच्या जाडीला चालतं का, हेही खोक्यावर वाचा. 8 मिलिमीटरचं चुंबक 12 च्या काचेवर लावलं तर एखाद्या रात्री घसरून पंप वाळूत तोंड खुपसतो आणि सकाळी टँकभर धुरळा दिसतो.

पायरी दुसरी: दगड

खरी मेहनत इथे आहे, आणि नेमकी इथेच घाई होते.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं की आयर्विन पुलावर गर्दी होते. सगळे पातळी बघतात. तुम्ही खांबांच्या खालच्या अंगाला बघा. खांबाच्या समोर पाणी फुटून दोन्ही बाजूंनी जोरात निघतं, आणि पाठीमागे फेस, पाचोळा, बाटल्या गोल गोल फिरत अडकून राहतात. तुमच्या टँकमधला प्रत्येक दगड हा असाच एक खांब आहे. त्याच्या पाठीमागे काय साचणार, हे दगड ठेवतानाच कळायला हवं.

म्हणून मागच्या काचेला टेकवून दगडांची भिंत रचू नका. जुन्या फोटोंमध्ये ती छान दिसते, पण तिच्या मागे घाण साचते आणि तिथे हात पोचत नाही. चारही काचांपासून मूठ सहज फिरेल एवढी, म्हणजे 8 ते 10 सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. काच पुसायचं चुंबकही तिथून गेलं पाहिजे. चार फुटी टँकमध्ये दोन बेटं करा, एक मोठं, एक लहान, मध्ये वाट सोडून. वाट बरोबर मधोमध नको, थोडी एका बाजूला. दिसायला बरं, आणि दोन्ही बाजूंचे प्रवाह सारख्याच ठिकाणी येऊन एकमेकांना मारत नाहीत.

बेटाच्या पोटातूनही पाणी गेलं पाहिजे. सपाट दगड एकावर एक थापून ठेवण्यापेक्षा तीन पायांवर उभी राहणारी कमान करा, खालून आरपार दिसेल अशी. दगडांची उंची पाण्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच ठेवा. वरचा मोकळा पट्टा म्हणजे पाण्याचा हमरस्ता, तो अडवायचा नाही. दगड जितके जास्त तितका टँक निरोगी, असं पूर्वी सांगत. जिवाणूंना जागा मिळते हे खरं, पण पाणी पोचत नसेल तर त्या जागेचा उपयोग काय?

दगड थेट तळाच्या काचेवर बसवा आणि वाळू नंतर ओता. उलटं केलंत तर बिळं करणारे गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी खालची वाळू उपसतात आणि बेट कलंडतं. वाळू 1 ते 2 मिलिमीटर दाण्याची घ्या. पिठासारखी बारीक वाळू सुंदर दिसते, पण मग पंप मोकळेपणाने चालवताच येत नाही.

पायरी तिसरी: साध्या पाण्यात रंगीत तालीम

टँक मिठाचा करण्याआधी एक संध्याकाळ साध्या पाण्यासाठी द्या. कोरडे दगड वापरत असाल तरच. लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री जीव वस्तीला असलेले दगड, गोड्या पाण्यात टाकलात तर त्यातला जीव मरतो.

वाळू न टाकता दगड रचा, नळाचं पाणी भरा, पंप लावा. घरातला चहाचा चोथा दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, रंग सुटायचा थांबला की मूठभर टँकमध्ये सोडा. खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च बाजूच्या काचेतून मारा. प्रत्येक कण स्वतंत्र दिसतो. काही कण वरच्या थरातून पलीकडच्या काचेपर्यंत जातात, तिथे खाली वळतात आणि तळाने परत येतात. काही एखाद्या दगडाच्या आडोशाला पोचतात, एक-दोन गिरक्या घेतात आणि खाली बसतात. पंधरा मिनिटांनी पंप बंद न करता तळाचा फोटो काढा. चोथ्याचे ढीग जिथे दिसतील, तिथेच सहा महिन्यांनी माशांची विष्ठा आणि लालसर चिकट थर दिसणार आहे. दगड फिरवा, पुन्हा बघा. ढीग पूर्णपणे कधीच जाणार नाहीत. दोन-तीन छोटे ढीग, तेही पुढच्या काचेजवळ जिथे नळी पोचते तिथे, एवढ्यावर समाधान माना. नंतर पाणी काढून चोथा नीट धुऊन टाका.

पायरी चौथी: पंपांच्या जागा

दोन पंप समोरासमोरच्या काचांवर, पण एकाच उंचीवर आणि एकमेकांवर रोखून नाही. माझी सुरुवातीची मांडणी अशी असते: उजवीकडचा पंप वरच्या एक तृतीयांशात, तोंड किंचित वर आणि पुढच्या काचेकडे. डावीकडचा मध्यावर, तोंड दगडांच्या मागच्या फटीत. एक पाणी पुढून नेतो, दुसरा मागून आणतो, आणि सगळा टँक एका दिशेने हळूहळू फिरायला लागतो. असं फिरणारं पाणी एकदा गतीत आलं की कमी जोरात चालू राहतं, पंपांना दामटावं लागत नाही.

पण एकाच दिशेने कायम फिरलं तर आयर्विनच्या खांबासारखे आडोसे कायमचे होतात. म्हणून पाळी लावायची. दिवसा काही तास उजवा जोरात आणि डावा मंद, मग उलट. एका पाळीत साचलेलं दुसऱ्या पाळीत उठतं आणि ओव्हरफ्लोतून, म्हणजे वरचं पाणी खाली सोडणाऱ्या वाटेने, संपमध्ये जातं. बहुतेक डीसी पंपांच्या कंट्रोलरवर पल्स नावाची पद्धत असते, काही क्षण जोर, काही क्षण ढील. सॉफ्ट कोरल त्यात छान डुलतात. त्या कंट्रोलरवर आणखी दहा चिन्हं असतात. सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नका. खाणं देताना पंप दहा मिनिटं थांबवणारं बटण मात्र लगेच शोधून ठेवा.

पृष्ठभाग हलला पाहिजे, फुटता कामा नये. वर तेलकट साय धरली असेल तर हालचाल कमी पडते आहे, हवा आणि पाणी यांची अदलाबदल नीट होत नाही. उलट झाकणावर, दिव्यावर मिठाचे पांढरे थर चढत असतील तर पंप जास्त वर आहे किंवा जास्त तिरपा आहे. पंपातून घरघर आवाज येऊन बारीक बुडबुडे निघाले की तो वरून हवा ओढतो आहे, 8-10 सेंटिमीटर खाली घ्या. वाळूत खड्डा पडून काच दिसायला लागली तर थोडा वर.

रिटर्नच्या तोंडाचं एक गणित लक्षात ठेवा. ते पृष्ठभागाच्या 5 सेंटिमीटर खाली असेल आणि लाइट गेली, तर तिथपर्यंतचं पाणी उलट्या वाटेने संपमध्ये उतरतं. 120 × 45 × 5, म्हणजे 27 लिटर. दोन बादल्या पाणी रात्री दोन वाजता हॉलमध्ये! तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणा, मेन स्विच मुद्दाम बंद करून पाणी संपमध्ये कुठवर चढतं ते पाहा आणि तिथे मार्करने रेघ मारा. नॉन-रिटर्न व्हॉल्ववर विसंबू नका, एक छोटी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

पायरी पाचवी: वेग मोजा

टँक मिठाचा झाला, पाणी स्थिरावलं, की सिरिंजमध्ये थोडं बारीक केलेलं मत्स्यखाद्य घ्या आणि पंपासमोर सोडा. एक कण निवडून तो पलीकडच्या काचेपर्यंत किती सेकंदांत जातो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. 120 सेंटिमीटर 12 सेकंदांत म्हणजे सेकंदाला 10 सेंटिमीटर. असंच बेटांच्या मधल्या वाटेत, मागच्या फटीत, वाळूजवळ मोजा आणि वहीत टँकचं चित्र काढून आकडे त्यावर लिहा. पाटीवरच्या लिटरपेक्षा हे चित्र शंभरपट उपयोगी. प्रवाळ कुठे ठेवायचं हे तेच सांगतं.

पायरी सहावी: प्रवाळांच्या जागा

आधी कायदा, कारण मालवणला सुट्टीला गेलेला माणूस खिशात तुकडा घालून येतो. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं हा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांना साइट्सची (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात. विकणारा कागद दाखवत नसेल तर घेऊ नका. नवख्याने मशरूम, झोआ, लेदर, झेनिया या मऊ प्रवाळांवरच हात बसवावा, तेही दुसऱ्या छंदिष्टाच्या टँकमध्ये वाढलेले तुकडे मिळाले तर उत्तम.

मशरूमना संथ जागा द्या, बेटाच्या पायथ्याशी. जोर जास्त झाला की ते कडा आत दुमडून घेतात, कधी कधी दगड सोडून तरंगत निघतात. झोआ मध्यम जोरात सुखी असतात. त्यांच्या चटईत घाण बसायला लागली तर जोर वाढवा. ग्रीन स्टार पॉलिपला चांगला प्रवाह चालतो, पण त्याला वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर तो सगळ्या बेटाचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतो.

टोडस्टूल लेदर नवख्यांना हमखास घाबरवतो. अधूनमधून तो पॉलिप आत ओढून घेतो, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि कित्येक दिवस तो मेल्यासारखा उभा राहतो. तो कात टाकतो आहे. पापुद्रा वाहून न्यायला पाणी लागतं, म्हणून लेदरला मध्यम ते चांगला, दिशा बदलणारा प्रवाह द्या. पापुद्रा अर्धवट लोंबत असेल तर सिरिंजने पाणी मारून मोकळा करा, बोटाने ओरबाडू नका.

पुढे कागदपत्रांसह टॉर्च किंवा हॅमर घेतलात तर त्यांची बोटं सावकाश डुलली पाहिजेत. सगळी एकाच बाजूला आडवी पडून राहत असतील तर धार थेट लागते आहे. पंपाकडची बाजू मिटलेली आणि मागची फुललेली, ही खूण कुठल्याही प्रवाळात दिसली तर पंप थोडा वळवा, प्रवाळ हलवू नका. आणि बदल केलात की निदान आठवडाभर थांबा. पी हळद अन् हो गोरी इथे चालत नाही. रोज काहीतरी हलवणाऱ्याला नेमकं कशाने बरं वाटलं हे कधीच कळत नाही.

पायरी सातवी: वीज, उन्हाळा, देखभाल

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी एक वेव्हमेकर पाहिजे, दिवे आणि स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) नंतर. असा पंप 10 ते 20 वॉट खातो, छताचा साधा पंखा 70-75. म्हणजे घरातल्यांचा पंखा बंद न करता टँक वाचतो, आणि हे घरच्यांना आधीच समजावून सांगितलेलं बरं. एसी मोटरचा पंप असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर तो गुरगुरतो आणि तापतो. जोडीला बॅटरीवरचा छोटा एअर पंप ठेवा. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं खारं पाणी बोर्डात न जाता झोळातून खाली गळेल. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, त्यात काटकसर नको.

उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला की पाणी थंड होतं, कारण ते उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई बिनमिठाच्या आरओ पाण्याने करायची. बोअरचं पाणी ओतू नका. पातळी उतरते ती संपच्या शेवटच्या कप्प्यातली. ती फार खाली गेली की रिटर्न पंप हवा ओढतो आणि टँकमध्ये बुडबुड्यांचा धुरळा उठतो. मे महिन्यात "अचानक बुडबुडे कुठून आले" असा फोन आला की आधी हा कप्पा बघायला सांगावं.

महिन्यातून एकदा सिरिंजने दगडांच्या फटींत पाणी मारून घाण उठवा, ती प्रवाहाबरोबर ओव्हरफ्लोकडे जाते. दोन-तीन महिन्यांनी पंप काढा. पंख्यावर आणि आतल्या दांडीवर चुन्याचा टणक थर चढलेला असतो, त्याने प्रवाह इतका हळूहळू कमी होतो की रोज बघणाऱ्याला कळतच नाही. व्हिनेगरमध्ये किंवा किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तास-दोन तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुऊन परत लावा. दोन्ही पंप एकाच दिवशी काढू नका. वहीतले वेगाचे आकडे याच वेळी पुन्हा मोजा: धुतल्यानंतरही मागच्या फटीतला वेग पहिल्यापेक्षा कमी असेल, तर प्रवाळं वाढून वाट अडली आहे, आणि आता कात्री घ्यायची वेळ झाली आहे.